आजीचा विलाप आणि नातवाचा पियानो



निकालाचे दिवस आले की आपल्या मुलामुलींच्या कानावर एक वाक्य हमखास पडते. कधी वर्गात, कधी कचेरीत, कधी लोकलच्या डब्यात. वाक्य असे की, "अंगात गुणवत्ता असेल तर कोण कोणाला अडवतो?" बोलणारा सहज बोलून जातो. ऐकणारे आपले लेकरू मात्र मान खाली घालून घरी येते आणि रात्री जेवताना गप्प गप्प असते. या प्रश्नाला उत्तर द्यायला आपल्याकडे आकडे आहेत, कायदे आहेत, बाबासाहेबांचे ग्रंथ आहेत. परंतु कधी कधी एका माणसाचे आयुष्यच असे असते की ते नुसते सांगितले तरी उत्तर मिळते. या आठवड्यात आम्ही कुटुंबाच्या पानावर असेच एक आयुष्य सांगणार आहोत.

हा माणूस आपल्या देशातला नाही, आपल्या भाषेतला नाही. त्याचे वाद्यही आपल्या वस्तीत कुणाच्या घरात नसते. तो होता अमेरिकेतील कृष्णवर्णीय पियानोवादक आणि संगीतरचनाकार जॉर्ज वॉकर. २७ जून १९२२ रोजी जन्मलेला आणि २३ ऑगस्ट २०१८ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, जगाचा निरोप घेतलेला. योगायोग असा की याच १९२२ सालच्या ऑगस्ट महिन्यात नाशिक जिल्ह्यातील देशवंडी गावी आपले लोककवी वामनदादा कर्डक जन्मले. दोघांची कधी भेट झाली नाही, दोघांच्या संगीतात काडीचेही साम्य नाही. परंतु माणूस म्हणून नाकारलेल्या दोन समाजांची ही दोन लेकरे एकाच वर्षी जन्मली आणि दोघांनीही आयुष्यभर सुरांचीच कास धरली, हे आम्हाला लिहिताना राहून राहून आठवत होते.

वॉशिंग्टनमधले ते घर

जॉर्ज वॉकर यांचा जन्म अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे झाला. वडील जमैका बेटावरून अमेरिकेत आलेले. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात शिकून ते डॉक्टर झाले. आई रोझा किंग सरकारी छापखान्यात नोकरीला होती. म्हणजे घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. उगाच गरिबीची कहाणी रंगवण्यात अर्थ नाही. पण डॉक्टरचे घर असले म्हणून काय झाले? त्या काळातील वॉशिंग्टन हे काळ्या-गोऱ्यांच्या भिंतींचे शहर होते. शाळा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, नाटकगृहांचे दरवाजेही बंद. १९३९ साली मॅरियन अँडरसन या जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय गायिकेला याच शहरातील एका मोठ्या सभागृहाने गाऊ दिले नाही. शेवटी ती ९ एप्रिल १९३९ रोजी लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभी राहून गायली आणि ऐकायला सुमारे ७५ हजार लोक लोटले. चवदार तळ्याच्या पायऱ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्या पायऱ्यांचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

अशा शहरात रोझाबाईने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला पियानोसमोर बसवले. मुलाने वादक व्हावे असा काही बेत नव्हता. घरात सूर असावा, मुलाने एखादी गोष्ट नेमाने शिकावी, एवढीच इच्छा. शिकवणी लावून ती मोकळी झाली नाही. मुलाच्या सरावावर तिचे लक्ष असे. मागाहून धाकटी बहीण फ्रान्सिस हीसुद्धा पियानो शिकली. ही फ्रान्सिस पुढे नामवंत पियानोवादक झाली आणि १९७६ साली ओबर्लिन महाविद्यालयात कायम प्राध्यापकपद मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. एका आईच्या नेमाने एका घरातून दोन कलावंत निघाले.

आजी मालविना

या घरात आणखी एक व्यक्ती राहत होती. आईची आई, मालविना किंग. ही आजी गुलामगिरीतून सुटून आलेली होती. तिचा पहिला नवरा लिलावात विकला गेला होता. होय, वाचकहो, बाजारात जनावर विकावे तसा माणूस विकला गेला, आणि बायकोला पुन्हा त्याचे तोंड दिसले नाही.

छोट्या जॉर्जने एकदा आजीला विचारले की आजी, गुलामीत असताना कसे होते गं? आजी फार बोलणारी नव्हती. तिने एकच वाक्य उच्चारले. त्याचा आशय असा की, त्यांनी आम्हाला खायचे तेवढे बाकी ठेवले, नाहीतर सारे काही केले. वॉकर यांनी हे वाक्य म्हातारपणापर्यंत जपले आणि मुलाखतींतून सांगितले.

आपल्याही घराघरात अशी एखादी आजी होती. गावकुसाबाहेरचे दिवस पाहिलेली, पाण्यासाठी ओंजळ धरून उभी राहिलेली, मेलेले ढोर ओढलेल्या हातांची. तीही फार बोलत नसे. आपणही फार विचारले नाही. ती गेल्यावर कळते की एक अख्खा ग्रंथ न वाचताच मिटला.

शाळा कोणती मिळाली?

जॉर्जचे शिक्षण डनबार हायस्कूलमध्ये झाले. देशातील कृष्णवर्णीयांसाठीचे हे पहिले सरकारी माध्यमिक विद्यालय, १८७० साली सुरू झालेले. इथे शिकवणारे शिक्षक फार मोठ्या पदव्या घेतलेले होते. कारण गोऱ्यांची विद्यापीठे त्यांना नोकरी देत नसत. त्यांच्यावरच्या अन्यायाचा फायदा असा झाला की मुलांना उत्तम गुरू लाभले. आपल्या सिद्धार्थ महाविद्यालयाची आणि मिलिंद महाविद्यालयाची आठवण इथे होतेच. समाजासाठी उभी राहिलेली शाळा ही नुसती इमारत नसते.

वयाच्या चौदाव्या वर्षी जॉर्जने हॉवर्ड विद्यापीठाच्या प्रार्थनागृहात आपला पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्याच वयात शाळा संपवून, शिष्यवृत्ती मिळवून तो ओहायो राज्यातील ओबर्लिन महाविद्यालयात दाखल झाला. गेल्या शतकाच्या कितीतरी आधीपासून, म्हणजे १८३५ पासून, ओबर्लिनने कृष्णवर्णीयांना प्रवेश दिलेला होता. १९४१ साली, अठराव्या वर्षी, तो तिथून सर्वोच्च मानासह पदवीधर झाला.

पुढची पायरी फिलाडेल्फियाचे कर्टिस संगीत विद्यालय. या विद्यालयाचे वैशिष्ट्य असे की निवड झालेल्या विद्यार्थ्याकडून शिकवणीचा एक पैसाही घेतला जात नाही. तिथे रुडॉल्फ सर्किन या थोर पियानोवादकाकडे जॉर्ज वादन शिकला आणि रोझारिओ स्कॅलेरो यांच्याकडे रचनाशास्त्र. १९४५ साली वादन आणि रचना अशा दोन्ही विषयांत त्याने पदविका मिळवली. कर्टिसमधून बाहेर पडलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय पदवीधरांपैकी तो एक.

इथवर ऐकून कुणी म्हणेल, पाहा, गुणवत्ता होती, दरवाजे उघडले! थांबा. खरी गोष्ट इथून पुढे आहे.

दोन आठवड्यांचे यश आणि वर्षानुवर्षांची भिंत

१९४५ साल जॉर्ज वॉकर यांच्या आयुष्यात सोन्याच्या अक्षरांनी उजाडले. वय तेवीसच्या आसपास. न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचे एकल वादन झाले. तिथे असा कार्यक्रम करणारे ते पहिले कृष्णवर्णीय वादक. जाणकारांनी वाहवा केली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, एका स्पर्धेत निवड झाल्यामुळे, ते युजीन ऑर्मंडी यांच्या संचालनाखाली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला बसले. रचना होती रशियन संगीतकार रॅखमॅनिनॉफ यांची तिसरी पियानो कंचेर्तो. पियानोवादकांच्या जगात ही रचना म्हणजे अवघड गड मानला जातो. भल्याभल्यांची बोटे तिथे थकतात. वॉकर यांनी तो गड सर केला. त्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवणारेही ते पहिलेच कृष्णवर्णीय वादक.

असे दोन विजय एखाद्या गोऱ्या तरुणाला मिळाले असते तर पुढच्या वर्षाची त्याची सारी वही कार्यक्रमांनी भरून गेली असती. वॉकर यांची वही मात्र कोरीच राहिली. पाश्चात्त्य देशांत मोठ्या वादकांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या व्यवस्थापन संस्था असतात. त्या संस्थेशी करार झाल्याशिवाय शहरोशहरीच्या सभागृहांत पाय ठेवता येत नाही. वॉकर यांना असा करार मिळायला पाच वर्षे लागली, १९५० साल उजाडले. करार झाल्यावरही कार्यक्रम येईनात. काळ्या माणसाने अभिजात संगीताचा पियानो वाजवायचा, हे विकायचे कसे, असा त्या धंद्याचा सवाल होता. काळ्या माणसाने गावे, नाचावे, जाझ वाजवावे, तेवढे चालत होते. बाख आणि बेथोवनच्या खुर्चीवर बसलेला काळा माणूस त्यांना चालत नव्हता.

पुढे वॉकर यांनी स्वतःच सांगितले की ते सुरुवातीचे यश एका अर्थी निरर्थक ठरले, कारण त्याच्या मागोमाग कार्यक्रम मिळाले नाहीत. आणि मिळाले नाहीत ते केवळ कातडीच्या रंगामुळे. १९५० नंतरच्या वर्षांत त्यांनी युरोपचा दौरा केला. स्वीडन, डेन्मार्क, हॉलंड, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटली आणि इंग्लंड अशा सात देशांत वाजवले. परदेशात टाळ्या मिळाल्या. मायदेशात मात्र दार किलकिलेच राहिले. त्यातच पोटाच्या अल्सरने गाठले. ज्या बोटांनी जग जिंकायचे ती बोटे हळूहळू शिकवणीच्या वर्गाकडे वळली.

"गुणवत्ता असेल तर कोण अडवतो?" असे विचारणाऱ्याला हे सांगावे. गुणवत्ता होती. तिच्यावर शिक्कामोर्तब झाले होते. दोन आठवड्यांत दोनदा झाले होते. तरीही अडवले. अडवणाऱ्याने कधी तोंडाने 'नाही' म्हटले नाही. त्याने फक्त पुढचे निमंत्रण पाठवले नाही.

१९४६ : विलाप

वाजवायला मिळत नव्हते तेव्हा वॉकर यांनी लिहायला घेतले. इथे आपल्या वाचकांसाठी थोडे स्पष्टीकरण करतो. आपल्याकडे चाल गळ्यातून गळ्यात जाते. गुरूने गायची, शिष्याने उचलायची. पाश्चात्त्य अभिजात संगीतात चाल कागदावर लिहिली जाते. पाच आडव्या रेघा, त्यांवर टिंबे आणि काड्या, ही त्यांची सुरांची बाराखडी. ऑर्केस्ट्रात पन्नास, ऐंशी, कधी शंभर वादक बसलेले असतात. त्यातल्या प्रत्येकाने कोणता सूर, केव्हा, किती वेळ, किती हळू वा मोठ्याने वाजवायचा हे एकटा रचनाकार आधीच लिहून ठेवतो. एखाद्या शिल्पकाराने विहाराचा नकाशा काढावा आणि मग गवंडी, सुतार, लोहार यांनी तो उभा करावा, तसे हे काम. पियानोवादक एकटा वाजवतो. रचनाकाराची लेखणी शंभर हातांनी वाजते.

१९४६ साली वॉकर यांनी चार तंतुवाद्यांसाठी एक रचना लिहिली. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. त्याच सुमारास आजी मालविना वारली. रचनेचा मधला भाग त्यांनी आजीला वाहिला आणि त्याला नाव दिले 'लॅमेंट', म्हणजे विलाप. पुढे हाच भाग तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्यासाठी वेगळा काढला गेला आणि 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' या नावाने जगभर गेला. जेमतेम सहा मिनिटांची रचना. शब्द नाहीत, ढोल नाही, पियानोही नाही. एक व्हायोलिन हळूच सूर लावते, दुसरे तो उचलते, मग खालच्या पट्टीतली वाद्ये त्यात मिसळतात. सूर चढत चढत एकदा काळीज फाटेल असा उंच जातो आणि मग निवत निवत शांत होतो. रडणे आहे, पण छाती बडवणे नाही. न बोलणाऱ्या आजीचे जसे दुःख असावे तसेच. मोबाईलवर ही रचना सहज ऐकायला मिळते. रात्री घरकाम आटोपले की दिवा बारीक करून घरातल्या सर्वांनी एकदा ऐकावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. अमेरिकन रचनाकारांच्या ज्या कृती ऑर्केस्ट्रांनी पुन्हा पुन्हा वाजवल्या त्यांत हिची गणना होते.

आता १९४६ साल आपण आपल्या बाजूने पाहू. त्या वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. आणि त्याच वर्षी बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर नेते आणि विद्वान डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केल्याचे बाबासाहेबांच्या वाचनात आले होते. त्याची प्रत मिळावी अशी त्यांनी विनंती केली. अस्पृश्यांची आणि कृष्णवर्णीयांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांच्या प्रश्नाचा अभ्यास करणे आपल्याला आवश्यकच आहे, असा त्या पत्राचा भाव होता. डु बॉइस यांनीही उत्तर पाठवून अस्पृश्यांविषयी सहानुभूती कळवली. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या आपल्या बापाने तीस वर्षांनंतरही त्या लोकांची आठवण ठेवली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच घेतले. म्हणून वॉकर यांची कहाणी आपल्याला परक्याची वाटण्याचे कारण नाही.

'तुमचे संगीत' म्हणजे कोणते?

वॉकर यांच्यापुढे आणखी एक पेच होता. रचनाकार म्हणून नाव होऊ लागले तेव्हा लोकांची अपेक्षा अशी की काळा रचनाकार आहे ना, मग त्याच्या रचनेत जाझ असलाच पाहिजे, मळ्यात राबणाऱ्या गुलामांची भक्तिगीते असलीच पाहिजेत. ती नसली की म्हणायचे, हा आपली मुळे विसरला. आणि ती असली की म्हणायचे, हे तर लोकसंगीत, अभिजात नव्हे. दोन्हीकडून मार.

वॉकर यांनी यातून स्वतःची वाट काढली. त्यांनी गुलामांच्या गीतांचे सूर टाकून दिले नाहीत. १९९० साली त्यांनी अशा गीतांवर आधारित ऑर्केस्ट्रासाठी रचनाही केली. इतर अनेक कृतींत त्या सुरांचे तुकडे आतल्या आत विणलेले आहेत, कान देऊन ऐकणाऱ्यालाच सापडतील असे. पण कुणी फर्मावले म्हणून नव्हे, तर आपल्याला हवे तिथे, हवे तसे. बाकी त्यांचे संगीत आधुनिक, कठीण, पहिल्या ऐकण्यात न उलगडणारे होते. पाच पियानो सोनाटा, पाच सिंफोनिया, पियानो, चेलो, ट्रॉम्बोन आणि व्हायोलिन या वाद्यांसाठी कंचेर्तो, गाणी, समूहगायन अशा नव्वदहून अधिक कृती त्यांनी निर्माण केल्या.

आपल्या मुलांनाही हा पेच भेटतो. आपल्या पोराने ढोलकी वाजवली, भीमगीत गायले की बाहेरचा माणूस म्हणतो, "यांचे हेच चालायचे." त्याच पोराने सतार वा पियानो शिकायचे म्हटले की तोच म्हणतो, "हे यांना कशाला?" आणि कधी कधी आपल्यातलाच कुणी म्हणतो, "हे आपले नव्हे." आम्हाला असे वाटते की जलसा आपला आहे, वामनदादांची गाणी आपली आहेत, ती कुणी हिरावू शकत नाही. आणि जगातले दुसरे कोणतेही वाद्य आपल्याला परके नाही. बाबासाहेबांनी उतारवयात हातात व्हायोलिन घेतलेच होते की!

शिकवता शिकवता

वॉकर शिकणे थांबवत नव्हते. कार्यक्रम मिळत नाहीत तर पदवी घेऊ, असे ठरवून ते रोचेस्टरच्या ईस्टमन संगीत विद्यालयात गेले आणि १९५६ साली संगीतातील डॉक्टरेट मिळवली. त्या संस्थेची डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय. १९५७ साली फुलब्राइट शिष्यवृत्तीवर पॅरिसला गेले आणि नादिया बुलांजे या जगप्रसिद्ध गुरूमातेकडे शिकले. परत आल्यावर अनेक ठिकाणी अध्यापन केले. स्मिथ महाविद्यालयात कायम नेमणूक मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय अध्यापक झाले. १९६९ ते १९९२ अशी तेवीस वर्षे न्यू जर्सीतील रटगर्स विद्यापीठात काढली आणि तिथे संगीत विभागाचे प्रमुखपदही सांभाळले.

पहिला, पहिला, पहिला! वाचकहो, हा शब्द या लेखात किती वेळा आला ते मोजून पाहा. ऐकायला अभिमान वाटतो. पण प्रत्येक 'पहिल्या'च्या पाठीमागे एक आरोपपत्र असते. १९४५ पर्यंत, १९५६ पर्यंत कुणीच कसे नव्हते? त्याआधीच्या पिढ्यांत कोणाची बोटे पियानोवर चालली नसती का? चालली असती. त्यांना पियानोपर्यंत पोचूच दिले नाही.

पुलित्झर

१९९६ साल उजाडले. बोस्टनच्या सिंफनी ऑर्केस्ट्राने रोलंड हेज या कृष्णवर्णीय गायकाच्या स्मरणार्थ वॉकर यांच्याकडून एक रचना मागवली होती. हेज हे गुलामगिरी भोगलेल्या आईचे चिरंजीव. आपल्या आवाजाच्या बळावर ते अमेरिका-युरोपच्या मोठ्या रंगमंचांवर पोचले होते. वॉकर यांनी 'लायलॅक्स' ही रचना केली. एक गाणारा आवाज आणि ऑर्केस्ट्रा. शब्द घेतले वॉल्ट व्हिटमन यांच्या कवितेतले, जी गुलामगिरी संपवणाऱ्या अब्राहम लिंकन यांच्या मृत्यूवर लिहिलेली आहे. १ फेब्रुवारी १९९६ रोजी ती प्रथम सादर झाली. संचालक होते जपानचे सेइजी ओझावा आणि गायिका होत्या फे रॉबिन्सन. त्याच वर्षी या रचनेला संगीताचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. वॉकर यांचे वय त्या वेळी ७३ होते.

संगीताचा पुलित्झर १९४३ पासून दिला जातो. ५३ वर्षांत तो मिळवणारा हा पहिला कृष्णवर्णीय रचनाकार. १९६५ साली परीक्षकांनी थोर जाझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांना खास मानपत्र देण्याची शिफारस केली होती. वरच्या मंडळाने ती फेटाळली. एलिंग्टन गेल्यावर, १९९९ साली, त्यांना मरणोत्तर मान मिळाला. जिवंतपणी नाही आणि मेल्यावर हार, ही रीत काही आपल्याच देशाची नाही!

पुरस्कार मिळाला, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, जन्मगाव वॉशिंग्टनने १९९७ साली एक दिवस त्यांच्या नावाने जाहीर केला. पण मोठ्या ऑर्केस्ट्रांकडून मागण्यांची रीघ लागेल असे जे वाटले होते ते झाले नाही. वॉकर यांनी ही खंत उघड बोलून दाखवली. ते गोड बोलणारे नव्हते. पहिला म्हणून ओळखले जाणे चांगलेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे रचनेत गुण आहेत हे मान्य होणे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांना दया नको होती आणि कौतुकाची टोपीही नको होती. आपली कृती इतरांच्या कृतींशेजारी ठेवून नीट ऐका, एवढेच मागणे होते.

अखेरपर्यंत लेखणी

वॉकर थांबले नाहीत. २००९ साली, ८७ व्या वर्षी, त्यांनी आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांची व्हायोलिन कंचेर्तो फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने सादर केली आणि व्हायोलिन वाजवले त्यांचा मुलगा ग्रेगरी याने. ६४ वर्षांपूर्वी ज्या ऑर्केस्ट्राबरोबर बाप पियानोवर बसला होता, त्याच ऑर्केस्ट्राबरोबर लेक बापाची रचना वाजवत उभा राहिला. धाकटा मुलगा इयान नाटककार झाला.

१७ जून २०१५ रोजी अमेरिकेतील चार्ल्स्टन शहरात एका वर्णद्वेष्ट्या गोऱ्या तरुणाने कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये शिरून प्रार्थनेला जमलेल्या नऊ जणांना गोळ्या घातल्या. वॉकर तेव्हा ९३ वर्षांच्या उंबरठ्यावर होते. या वयात माणूस देवाधर्माच्या गोष्टी करतो, औषधांच्या वेळा मोजतो. वॉकर यांनी पुन्हा पाच रेघांचा कागद पुढे ओढला आणि आपली पाचवी सिंफोनिया लिहिली, 'व्हिजन्स' नावाची. १९४६ साली आजीसाठी विलाप लिहिणाऱ्या हाताने सत्तर वर्षांनी त्या मृतांसाठी लिहिले. ही रचना सिअॅटलच्या ऑर्केस्ट्राने २०१९ साली प्रथम वाजवली. ती ऐकायला वॉकर नव्हते. पुढे त्यांच्या जन्मगावच्या नॅशनल सिंफनी ऑर्केस्ट्राने त्यांच्या पाचही सिंफोनिया ध्वनिमुद्रित केल्या.

आपल्या घरासाठी

वाचकहो, पियानो विकत घ्या असे आम्ही सांगत नाही. खोलीत माणसे मावत नाहीत तिथे पियानो कुठे मावणार! पण या कहाणीतून तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत आणि त्यांना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट आईची. रोझाबाईने मुलाला नेम लावला. आपल्या मुलाला हार्मोनियम आवडो, तबला आवडो, चित्रे आवडोत, रोज ठराविक वेळी त्याला त्यासाठी बसू द्या आणि शेजारी बसा. "अभ्यास सोडून हे काय धंदे?" असे म्हणू नका. डनबारच्या त्या मुलाने अभ्यासही सोडला नव्हता.

दुसरी गोष्ट आजीची. घरात जी वडीलधारी माणसे उरली आहेत त्यांना विचारा. गाव कोणते होते, पाणी कुठून आणायचे, धर्मांतराच्या वेळी नागपूरला कोण कोण गेले, परत येताना काय वाटले. मुलांना शेजारी बसवून विचारा. त्यांचे एखादे वाक्य एखाद्या नातवाला आयुष्यभर पुरेल.

तिसरी गोष्ट त्या टोमण्याची. उद्या कुणी लेकराला विचारले की गुणवत्ता असेल तर कोण अडवतो, तर त्याने मान खाली घालू नये. शांतपणे सांगावे की जॉर्ज वॉकर यांना अडवले होते. आणि हेही सांगावे की अडवल्यावर तो माणूस घरी बसला नाही. वादकाची वाट बंद केली तेव्हा तो रचनाकार झाला. कार्यक्रम नाकारले तेव्हा त्याने डॉक्टरेट घेतली. त्याने ७३ व्या वर्षापर्यंत वाट पाहिली आणि ९४ व्या वर्षापर्यंत लिहिले.

दार उघडले नाही याचा दोष दार बंद करणाऱ्याचा. आपण ठोठावणे थांबवले तर मात्र तो दोष आपला असेल. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला, संघटित व्हायला आणि संघर्ष करायला सांगितले ते याचसाठी. आजीचा विलाप नातवाने जगाला ऐकवला. आपल्या आजीचा विलाप अजून कुणी तरी लिहायचा आहे. तो लिहिणारा हात कदाचित आपल्याच घरात, दप्तर भरून, उद्याच्या शाळेची तयारी करीत असेल.

जयभीम!